जामीनदार सापडला

सोनं कुठून येतं, या प्रश्नाचं आमच्या घरातलं अधिकृत उत्तर ‘माहेरहून’ असं आहे. सौभाग्यवती ते चारचौघांत देतात, आणि आमच्या कपाटातल्या डब्याचा पंचनामा केला तर त्यात खोट काढायला जागा नाही. शास्त्रज्ञांच्या मते सोनं माहेरच्याही बरंच पलीकडून येतं. जळून संपलेले दोन तारे, ज्यांना न्यूट्रॉन तारे म्हणतात, एकमेकांभोवती घिरट्या घालत शेवटी एकमेकांवर आदळतात आणि त्या दणक्यात सोन्यासारखी जड मूलद्रव्यं तयार होतात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी अशी एक टक्कर लायगो आणि व्हर्गो या वेधशाळांनी टिपली. ती झाली होती तेरा कोटी प्रकाशवर्षं दूर. हे मी हिला मोठ्या आवाजात वाचून दाखवलं, तर भाजी निवडता निवडता म्हणाली, “म्हणजे तुमच्याकडून नाहीच ना?”

माझी उभी नोकरी बँकेत सोनेतारण कर्जाच्या टेबलावर गेली. लोकांना वाटतं, या माणसाला सोन्यातलं कळत असणार. कळायचं ते आमच्या पॅनेलवरच्या सोनाराला. तो यायचा, दागिना कसोटीवर घासायचा, रेघेवर तेजाबाचा थेंब सोडायचा, डोळे बारीक करून ‘बावीस’ किंवा ‘अठरा’ असं पुटपुटायचा, आणि मी खाली सही ठोकायचो. पण निवृत्त माणसाला कोणी विचारलं, ‘आपण काय करत होता?’ तर ‘सही करत होतो’ असं सांगवत नाही. मी ‘सोन्यात होतो’ असं सांगायचो. पुढचं सगळं रामायण या दोन शब्दांमुळे घडलं.

गावी, कुडाळच्या पुढे, आमची सामायिक जमीन आहे. सामायिक म्हणजे सातबाऱ्यावर एकवीस नावं. त्यातली काही स्वर्गवासी, बरीचशी मुंबईवासी, आणि जागेवर राबणारा एकटा बाबल. बाबल माझा चुलतभाऊ. चैत्र-वैशाखात त्याच्या पोफळींना पाणी पुरेना, म्हणून विहीर मारायचं ठरलं, आणि ‘तू सोन्यात होतास’ या कारणावरून खर्चाचा मोठा वाटा माझ्या अंगावर आला. वीस फूट व्यासाची विहीर. वर जांभा, त्याखाली शेडी, आणि त्याखाली काळाकरडा कातळ. कातळाला सुरुंग लावावे लागले. एका सुरुंगाचा धूर बसला, खाली उतरलेला गडी ओरडत वर आला, आणि बाबलने मला फोन लावला. त्याचा आवाज एवढा खाली गेलेला मी आजोबांच्या बाराव्यालाही ऐकला नव्हता.

“दादा, खंय आसस? बाजूक कोण नाय मा? हंय कातळात पिवळा कायतरी चकाकता.”

ऐन मे महिन्यात मला कोकणकन्येचं कन्फर्म तिकीट मिळालं. एवढा चमत्कार झाल्यावर सोन्याबद्दल शंका घेणं कृतघ्नपणाचं झालं असतं.

बाबलने तो दगड तांदळाच्या डब्यात लपवला होता. तळहातात मावेल एवढा काळपट तुकडा, त्यातून तिरकी गेलेली पांढऱ्या गारेची बोटभर जाड शीर, आणि शिरेच्या काठाकाठाने पितळी रंगाचे दाणे. मोठ्यात मोठा दाणा अर्ध्या सेंटिमीटरचा. पोथी वाचायच्या भिंगाखाली धरला तर चक्क चौकोनी फासा, कडा तासलेल्या, आणि बाजूंवर एकाच दिशेने ओढलेल्या बारीक रेघा. तो उन्हात फिरवला की एक बाजू विझे आणि दुसरी पेटे. मी बराच वेळ काही बोललो नाही. गड्यांनी याचा अर्थ, साहेबांना कळलं, असा घेतला. खरं म्हणजे कोणी सही कुठे करायची ते दाखवेल याची मी सवयीने वाट पाहत होतो.

मग मात्र बोललो, आणि बोललो ते बिनचूक बोललो. हेच या प्रकरणातलं दुर्दैव आहे. मला जी माहिती होती त्यातला शब्दन् शब्द खरा होता. मी विहिरीच्या काठावर उभा राहून सांगितलं की घाटावरच्या लोकांना हे भाग्य नाही. सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतलेला लाव्हा. त्यात स्फटिक सुंदर मिळतात, पण सोन्याच्या नावाने शंख. (माझे मेहुणे पुण्याचे आहेत. हा मुद्दा मी त्यांना फोन करूनही कळवला.) दक्षिण कोकणात मात्र ही लाव्ह्याची चादर संपते आणि खालचा म्हातारा खडक उघडा पडतो. गोव्यावरून कर्नाटकात गेलेल्या धारवाडी खडकांच्या भाऊबंदकीतला. आणि त्याच भाऊबंदकीत आहे रायचूरकडची हट्टी, जिथे आजही सोनं निघतं, आणि त्याच भाऊबंदकीत आहे कोलार.

कोलार म्हटल्यावर गड्यांनी बिड्या विझवल्या. सगळ्यांनी त्या खाणीवरचा सिनेमा पाहिला होता. मी त्यांना सिनेमात नसलेलं सांगितलं. १८०२ मध्ये वॉरन नावाच्या एका लेफ्टनंटासमोर तिथल्या गावकऱ्यांनी माती धुऊन सोन्याचे कण दाखवले. १८८० मध्ये जॉन टेलर कंपनी उतरली, आणि सुरुवातीची काही वर्षं पैसा नुसता खड्ड्यात जात राहिला. भागधारक कंटाळले, गाशा गुंडाळायची वेळ आली. मग फार जुन्या काळच्या लोकांनी खणून सोडून दिलेल्या विवरांच्या आणखी खाली जाऊन पाहिलं, आणि तिथे ती गारेची शीर लागली. ‘चँपियन’ शीर. पुढे त्या शिरेच्या मागे माणसं तीन किलोमीटरहून खोल गेली. १९०२ मध्ये त्या खाणींसाठी कावेरीवरच्या शिवनसमुद्रमहून वीज आली, देशातल्या भल्याभल्या शहरांत कंदील होते तेव्हा. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाण बंद झाली तोवर सुमारे ८०० टन सोनं वर आलं होतं.

“तर यातून काय दिसतं?” मी विचारलं.

“खाण बंद पडता,” बाबल म्हणाला.

“खाली जायचं असतं!” मी म्हणालो.

आमच्या विहिरीला तीस फुटांच्या आतच पाणी लागलं होतं. म्हणजे विहीर म्हणून विहीर पुरी झाली होती. बाबलने तसं दोनदा सुचवूनही पाहिलं. पण मी पंप लावून उपसा करवला आणि आणखी दहा फूट खाली जायचा हुकूम सोडला. विहीरवाल्या ठेकेदाराने माझ्याकडे ज्या आदराने पाहिलं, तसं बँकेच्या चेअरमननेही कधी पाहिलं नव्हतं. तो फुटावर पैसे घेत होता.

इथे एक सांगितलं पाहिजे. सोनं शोधणाऱ्याला सोनंच मिळतं असं नाही. १९१५ मध्ये रायचूरकडे बीडन नावाचा सोन्याच्या खाणीतला इंग्रज इंजिनिअर हिंडत होता. त्याला मस्कीच्या टेकडीवर शिलालेख सापडला, आणि त्यात ‘देवानांपिय’ या बिरुदाशेजारी अशोकाचं नाव कोरलेलं होतं. तोवर नुसत्या बिरुदाने ओळखल्या जाणाऱ्या राजाचा पत्ता त्या दगडाने पक्का केला. मीही त्या उमेदीने विहिरीच्या भिंती पाहिल्या. एका ठिकाणी अक्षरं होतीही. पण ती सुरुंगवाल्याने खडूने लिहिलेली होती आणि भोकांचा हिशेब होता.

बातमी फुटायला कोकणात फोन लागत नाही. पंधरवड्याच्या आत सातबाऱ्यावरची हयात असलेली सगळी नावं हाडामांसाची होऊन अंगणात उभी राहिली. कधी शिमग्याला न फिरकलेला एक चुलतचुलता वापीहून मोजणीचा अर्ज लिहूनच घेऊन आला. आत्तेभावाला अचानक आठवलं की जिथे विहीर आहे त्या कोपऱ्यात त्याच्या आईने लहानपणी एक माड लावला होता. कोर्टात कारकुनी केलेल्या एका काकांनी पडवीत बसून १८७८ चा गुप्तधनाचा कायदा सांगितला. त्यात दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन मिळालं तर कलेक्टरला कळवावं लागतं. ‘पण हे पुरलेलं नाही, उगवलेलं आहे,’ असा युक्तिवाद मी केला. तेव्हा त्यांनी १९५७ चा खाण कायदा काढला आणि सरकारी पट्ट्याशिवाय एक दगडही उचलता येणार नाही असं बजावलं. जेवणाचा खर्च सामायिक धरावा, या माझ्या सूचनेवर मात्र कायद्याच्या एकाही जाणकाराला मत देता आलं नाही.

ही मंडळी आंबे खाऊन परतली, आणि मी दगड पिशवीत घालून डोंबिवलीला आलो. शिंदे अण्णांना दाखवायला.

अण्णा विट्याचे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. सराफांचं जुनं सोनं-चांदी आटवायचं, त्यातलं हीण काढायचं आणि चोख लगड हातात ठेवायची, हा त्यांचा व्यवसाय. केरळपासून काश्मीरपर्यंत कुठल्याही सराफकट्ट्याच्या मागच्या बोळात भट्टी पेटलेली दिसली, तर आत बसलेल्या माणसाशी खुशाल मराठीत बोलावं. अण्णांचं दुकानही असंच, बोळाच्या शेवटी, काजळी धरलेलं.

मी दार ओढून घेतलं आणि दगड पुढे ठेवला. अण्णांनी तो हातात घेऊन एकदा वर-खाली केला. बस्स. वजनानेच त्यांचं काम झालं होतं, हे मला नंतर कळलं. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड. हे दाणे जेमतेम पाच पट. पण मी सोन्यात होतो म्हटल्यावर, माझा मान राखायला त्यांनी पुढचं सगळं केलं. एक फासा उचकटून ऐरणीवर ठेवला आणि हातोडीने टोला दिला. सोनं असतं तर चपटं झालं असतं. त्याचा भुगा झाला, आणि भुगा काळा. फुटक्या टाइलच्या मागच्या खरबरीत बाजूवर दुसरा फासा ओढला. रेघ हिरवट काळी उमटली. मग तो भुगा मुशीत टाकून वर ज्योत धरली, आणि दुकानात असा वास सुटला की शेजारचा पटवा नाक धरून दारात आला.

“सायेब, ह्यो गंधकाचा दगड. ह्यात लोखंड आन् गंधक, दुसरं काय न्हाई,” अण्णा म्हणाले. मग माझा चेहरा पाहून, “दिसाया झ्याक हाय पण. टीव्हीवर ठेवा.”

सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. माझे गलाईवाल्याने टोचले. शहाण्या माणसाने इथे थांबायचं. पण मी घरी येऊन रात्री पुस्तकं उघडली, आणि त्यात जे वाचलं त्याने पहिल्यापेक्षा मोठं वेड लागलं. कारण ते पुन्हा शब्दन् शब्द खरं होतं.

पृथ्वी वितळलेली होती त्या काळात जड लोखंड बुडून गाभ्यात गेलं आणि जाताना जवळजवळ सगळं सोनं घेऊन गेलं. वर जे उरलं, आणि मागाहून उल्कांनी जे आणून टाकलं, ते सगळीकडे विखुरलेलं आहे. कवचातल्या साध्या खडकात टनामागे फार तर चार मिलिग्रॅम. म्हणजे सोनं दुर्मीळ आहे असं म्हणण्यापेक्षा ते पांगलेलं आहे म्हणणं जास्त बरोबर. खाण परवडायची तर ते साधारण हजारपट गोळा व्हावं लागतं. कोलारला ते सरासरी टनाला पंधरा ग्रॅमच्या आसपास गोळा झालेलं होतं. गोळा कोण करतं? पाणी. जमिनीखाली पाच-दहा किलोमीटरवर, डोंगर एकमेकांत घुसत असतात तिथे, खडक भाजून निघतात आणि त्यांच्यातलं पाणी सुटं होतं. तीनशे-चारशे अंश तापलेलं, पण वरच्या दाबाखाली उकळायलाही मोकळं नसलेलं. ते खडकाखडकातून जाताना सोन्याचा कण अन् कण विरघळवून घेतं.

आता सोनं हे अत्यंत मिजासखोर. हवेला, पाण्याला, साध्या आम्लाला दाद देत नाही. अशा पाण्यात ते उतरतं ते मुख्यतः गंधकाच्या भरवशावर. हे वाचलं आणि मी अंथरुणात उठून बसलो, कारण ही तर माझ्या टेबलावरची केस होती. सोनं कर्जदार, गंधक जामीनदार. जामीनदार बरोबर आहे तोवर कर्जदार कितीही मैल निर्धास्त फिरतो. मग हे पाणी भेगेतून वर येतं आणि लोहयुक्त खडकाच्या शेजारी पोचतं. गंधकाला लोखंडाची ओढ अनावर. तो तिथल्या तिथे लोखंडाशी संसार थाटतो. त्या संसाराचं नाव पायराइट. जामीनदार पळाला की सोन्याला पाण्यात उभं राहायला आधार उरत नाही, आणि ते जागच्या जागी गारेच्या शिरेत बसकण मारतं. कधी भूकंपाने भेग एकदम रुंदावते, दाब कोसळतो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि विरघळलेला सगळा माल तिथेच टाकला जातो. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी हे गणित मांडून दाखवलं आहे. कोलारसारख्या शिरा अशा हजारो धक्क्यांनी थराथराने भरत गेलेल्या.

म्हणजे पायराइट हा सोन्याच्या वाटेवरचा साक्षीदार होता! अण्णांनी माझा मुद्दा खोडला नव्हता, पक्का केला होता. बँकेत फरार कर्जदार शोधायचा तर आधी जामीनदाराचं दार ठोठावतात. माझ्या विहिरीत जामीनदार सहकुटुंब सापडला होता. कर्जदार किती लांब असणार?

“पण सोनं दिसत का नाही मग?” हिने विचारलं.

मी याच प्रश्नाची वाट पाहत होतो. अमेरिकेत नेव्हाडा राज्यात कार्लिन नावाची जागा आहे. तिथे १९६१ मध्ये अफाट मोठा साठा सापडला, आणि त्यातलं सोनं डोळ्यालाच काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही. ते पायराइटच्या कणांच्या पोटात मुरलेलं असतं. तेव्हा, मी तिला समजावलं, न दिसणं हा पुरावाच झाला. ती म्हणाली, “या हिशेबाने आपल्या कपाटातही तुम्ही केलेलं बरंच सोनं असेल.”

या वयात आपल्यासारखा दुसरा कोणी इतिहासात होऊन गेला का, हे शोधण्यात एक समाधान असतं. मला मार्टिन फ्रोबिशर सापडला. १५७६ मध्ये हा इंग्रज खलाशी चीनची वाट शोधत उत्तर अमेरिकेच्या बर्फात, बॅफिन बेटाकडे गेला आणि येताना एक काळा दगड घेऊन आला. लंडनच्या पारख्यांनी त्यात सोनं नाही म्हणून सांगितलं. एका इटालियन पारख्याने आहे म्हणून सांगितलं. विश्वास कोणावर ठेवला गेला हे सांगायला नको. पुढच्या दोन मोहिमांत खुद्द एलिझाबेथ राणीने पैसे घातले, आणि हजार टनांहून जास्त दगड जहाजांत भरून इंग्लंडला आणला गेला. त्यातून काहीही निघालं नाही. शेवटी डार्टफर्ड गावात तो रस्त्यांच्या आणि भिंतींच्या कामी आला. राणीला जे कळलं नाही ते मला कळायला हवं होतं, असं म्हणणाऱ्यांना काय म्हणावं!

फ्रोबिशरकडून बोध घेण्याऐवजी मी प्रेरणा घेतली. बाबलला निरोप धाडला की खालच्या दहा फुटांतला दगड कोणालाही देऊ नकोस. एक क्रशरवाला तो ब्रासच्या भावाने उचलायला तयार होता, रोख पैसे घेऊन. बाबलने त्याला परत पाठवला. मग माझ्याच सांगण्यावरून त्याने तो चकाकणारा ढीग विहिरीजवळून हलवून नजरेसमोर राहील असा, घराच्या मागे, पोफळींच्या वरच्या अंगाला रचून ठेवला. रात्री तो खळ्यात झोपू लागला. दगडाचे काही नमुने मी एका प्रयोगशाळेत पाठवले. आणि मृग लागला.

पाऊस कोकणात पडतो तसा पडला. श्रावणात बाबलचा फोन आला. आवाज या वेळी अजिबात खाली नव्हता.

“दादा, तुझ्या सोन्यान माज्या पोफळी खाल्ल्यान!”

चतुर्थीला आम्ही सगळे गावी गेलो, तेव्हा मी स्वतः पाहिलं. ढिगाची पितळी झळाळी गेली होती. त्यावर तपकिरी साका चढला होता, आणि जिथे फासे होते तिथे नुसती चौकोनी भोकं. ढिगाखालून निघालेला ओघळ गेरूच्या रंगाचा, मागच्या दारापासून थेट बागेपर्यंत. त्या ओघळाच्या वाटेवरच्या पोफळींचे झाप पिवळे पडून लोंबत होते. नव्या विहिरीचं पाणी तोंडात घेतलं तर जिभेवर खिळा ठेवल्यासारखं लागत होतं.

आमच्या पुतण्याची बायको भूशास्त्रात एम.एस्सी. आहे. लग्नाच्या बोलाचालीत ‘मुलगी दगडधोंडे शिकली आहे’ असं मीच हसत हसत म्हटलं होतं. त्यामुळे या सबंध प्रकरणात घरातल्या एकमेव तज्ज्ञाला कोणी विचारलं नव्हतं, आणि तिनेही शहाणपणाने तोंड उघडलं नव्हतं. ती ढिगाजवळ जाऊन उकिडवी बसली. मग पूजेच्या तबकातल्या लाल जास्वंदीच्या चार पाकळ्या वाटीभर गरम पाण्यात चुरगळल्या. पाणी मळकट जांभळं झालं. त्यात ओघळाचं चमचाभर पाणी सोडलं, आणि वाटीत भडक गुलाबी रंग पसरला. आरतीला जमलेली पोरं टाळ्या वाजवायला लागली.

“आम्ल आहे, काका,” ती म्हणाली. “पायराइट जमिनीखाली कोट्यवधी वर्षं गप्प बसलेला असतो. फोडून हवा-पाणी दाखवलं की त्याचं गंधकाम्ल होतं आणि लोखंडाचा गंज. तुम्ही तो छान बारीक फोडून, उतारावर, बागेच्या वर ठेवलात.”

“म्हणजे सोनं…”

“सोनं गंजत नाही ना, काका.”

एवढी साधी गोष्ट. आमच्या पॅनेलवरच्या सोनाराला तेजाबाचा थेंब लागायचा. माझ्यासाठी एक आख्खा पावसाळा खर्ची पडला. पण जामीनदाराचा मुद्दा मी शेवटचा म्हणून पुढे केलाच. तिने तो शांतपणे ऐकून घेतला आणि चूक म्हटलं नाही. सोन्याच्या शिरेशेजारी पायराइट बहुतेक वेळा असतो, ती म्हणाली, पण पायराइटशेजारी सोनं बहुतेक वेळा नसतं. गंधक आणि लोखंड ही जोडी कोळशात जमते, समुद्रतळाच्या चिखलात जमते, कुठेही जमते. तो गावभर प्रत्येकाला जामीन राहणारा माणूस आहे. त्याच्या सहीवरून कर्जदाराचा पत्ता लागत नाही. असे जामीनदार मी नोकरीत शेकड्याने पाहिले होते. हे मला आधी सुचायला हरकत नव्हती.

प्रयोगशाळेचं पाकीट एव्हाना आलंच होतं. तिथे दगडाची पूड शिशाबरोबर वितळवतात. वितळलेलं शिसं सोन्याचा कण असेल तो ओढून घेतं, मग शिसं जाळून टाकलं की मागे सोनं राहतं. थोडक्यात, अण्णांचीच विद्या, फक्त पांढऱ्या कोटात. अहवालात माझ्या नमुन्यांपुढे ओळीने ‘मापनमर्यादेखाली’ असा शेरा होता. हिने तो वाचला आणि देवघरात अष्टगंधाच्या डबीखाली नीट घडी करून ठेवला. म्हणे, लग्नाच्या वाढदिवसाला काढू.

मी फारच खट्टू दिसलो असेन, कारण सूनबाईने मग कागदावर हिशेब करून दाखवला. वीस फूट व्यास, चाळीस फूट खोली, म्हणजे सगळा मिळून हजारएक टन दगड-माती. टनाला चार मिलिग्रॅम धरले तर त्यात चार ग्रॅम सोनं आहेच. कोणत्याही विहिरीच्या दगडात असतं. “समुद्राच्या पाण्यातसुद्धा असतं,” ती म्हणाली. “पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीची नुकसानभरपाई फेडायला फ्रिट्झ हाबर नावाचा नोबेल मिळालेला रसायनशास्त्रज्ञ ते काढायला निघाला होता. बोटीवर प्रयोगशाळा थाटली. वाटलं होतं त्याच्या कितीतरी पट कमी निघालं. सोडून दिलं त्याने.” ही कथा सांगताना तिचा सूर फार दयाळू होता. राणी झाली, आता नोबेलवाला. माझी संगत सुधारत चालली होती.

नंतरचं थोडक्यात. विहिरीचे खालचे दहा फूट आता पाण्याखाली आहेत, आणि तिथे हवा पोचत नसल्याने पाण्याची चव हळूहळू सुधारते आहे. ओघळाच्या वाटेत चुन्याच्या गोणी ओतल्या. नव्या पोफळींची रोपं माझ्या खर्चाने लावली. वापीच्या काकांनी मोजणीचा अर्ज मागे घेतलेला नाही. बाबल माझ्याशी बोलतो, पण ‘सोना’ हा शब्द टाळून ‘ता’ असं म्हणतो.

आता मूळ विषयाकडे येतो, कारण हा लेख मी त्यासाठीच लिहिला आहे. कुडाळच्या पुढे, रस्त्याला लागून, ट्रक थेट आत जाईल अशा जागी, बागेवरून हलवलेला दगडाचा मोठा ढीग पडून आहे. क्रशरवाला आता फिरकत नाही. ज्यांना हवा असेल त्यांनी तो फुकट घेऊन जावा. भाडं आणि हमाली तुमची. घराच्या पायात किंवा काँक्रीटमध्ये मात्र घालू नका, गंधकाने पुढे तडे जातात. बागेच्या वरच्या अंगाला तर मुळीच नको. आणखी एक, त्यात सोनं आहे. ढिगाच्या वाट्याला एखादा ग्रॅम येत असेल. माझा त्याच्यावर काही दावा नाही. सातबाऱ्यावरच्या बाकीच्यांचं मी सांगू शकत नाही.